कोकरं धरून

अहवालाच्या मुखपृष्ठाचा नमुना छापून आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा सगळा विभाग त्याच्याभोवती जमला. पांढऱ्या कागदावर दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक तांबडी. निळी डावीकडे उंचावर सुरू होऊन उतरत आलेली, तांबडी खालून चढत गेलेली, आणि उजव्या कडेजवळ दोघींनी एकमेकींना छेद दिलेला. त्या छेदाला विभागात सगळे 'फुली' म्हणत. गेलं वर्षभर चहाच्या वेळीसुद्धा फुलीशिवाय दुसरा विषय नव्हता.

रेघा मेंढ्यांच्या होत्या. जगातले मेंढ्या पाळणारे दोन मोठे प्रदेश आणि त्यांच्या साठ वर्षांतल्या मेंढ्यांची संख्या. प्रदेशांना लांबलचक नावं होती, पण ती रोज कोण घेत बसणार? एक निळा, एक तांबडा. निळ्याच्या मेंढ्या वीस कोटींवरून तेरा कोटींपर्यंत उतरल्या होत्या. तांबड्याच्या सात कोटींवरून चौदा कोटींवर गेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी तांबड्यानं निळ्याला मागे टाकलं, आणि फुली पडली.

यात गंमत कमी आणि जोखीम जास्त होती. मेंढ्यांच्या तापावरची लस याच संस्थेतून दोन्ही प्रदेशांना जाई. लस मोजकीच तयार होई. आजवर तिचा मोठा वाटा निळ्याला मिळत आला होता, कारण मेंढ्या तिकडे जास्त. आता हा अहवाल शुक्रवारी वाटप समितीपुढे जाणार होता आणि मोठा वाटा तांबड्याकडे वळणार होता. ज्या कळपांपर्यंत लस पोचणार नाही, त्यांचं काय होतं हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी मोठ्यानं बोलत नसे एवढंच.

अहवाल बाहेर जाण्याआधी त्यावर पडताळणीची सही लागे आणि ती करण्याचं काम विभागातल्या एका बाईकडे होतं. सगळे आकडे तपासून ती सही करी. करण्याआधी निदान पाच वेळा "थांबा जरा" म्हणे, म्हणून विभागानं तिचं नाव थांबाताई ठेवलं होतं. नाव प्रेमानं ठेवलेलं होतं. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी.

गेल्या वर्षी निळ्या रेघेत एक खोल खड्डा आला होता. तिला तो खोटा वाटला. तिनं अहवाल अडवला, सगळ्यांना कामाला लावलं, आणि शेवटी निघालं काय, तर तिकडे खरोखरच दुष्काळ पडला होता आणि मेंढ्या खरोखरच मेल्या होत्या. अहवाल उशिरा गेला. संचालक मॅडमना समितीपुढे खाली मान घालून बसावं लागलं. त्या ओरडल्या नाहीत. तिला खोलीत बोलावून एवढंच म्हणाल्या, "शंका आणायची तर सोबत उत्तरही आणायचं. नुसती शंका यापुढे मला नको. पुन्हा असं झालं तर पडताळणी मी दुसऱ्याकडे देईन."

तेव्हापासून शंका आली की तिला आधी मॅडमची खोली आठवे, मग शंका पूर्ण होई.

शनिवारी तिनं अहवाल शेवटचा चाळला. तक्ते काढणारा सहकारी, ज्याला सगळे रंगारी म्हणत, तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

"ताई, आता नका हं काही काढू. हा तांबडा जुळवायला मला तीन दिवस लागलेत. पहिल्यांदा विटेसारखा आला, मग टोमॅटोसारखा."

"मी काही म्हणाले का?"

"म्हणाला नाहीत, पण नाक आक्रसलंत."

तिनं सही केली.

रविवारी नवऱ्याच्या आत्याचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. आत्या दुसऱ्या गावी राहत. सगळं घर जायचं म्हणून धाकट्या दिरानं मोठी गाडी सांगितली होती. गाडी दारात आली, सगळे चढू लागले, आणि चालकानं हात आडवा केला.

"आठ म्हणाला होतात साहेब. इथं अकरा दिसतायत."

"आठच आहोत," दीर म्हणाला.

"मग ही तीन काय गाठोडी आहेत?" सासऱ्यांनी काठी नातवंडांकडे वळवली.

"अप्पा, पोरं कोण मोजतं? पोरं मांडीवर."

"तुमचा लेक बारा वर्षांचा आहे," धाकटी जाऊ म्हणाली. "त्याचे पाय बघा, तुमच्याहून लांब झालेत. घ्या बरं त्याला मांडीवर. घ्या, आणि मग बोला."

"मी तुला फोनवर विचारलं, किती जण?" तिचा नवरा भावावर वैतागला. "तू म्हणालास आठ. पोरं धरून की सोडून, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"सोडून! आपल्याकडे नेहमी सोडूनच सांगतात."

"कोण सांगतं? मी तर नेहमी धरून सांगतो."

"अच्छा, म्हणजे गेल्या वेळी आत्यांकडे तीन खुर्च्या जास्त मांडल्या होत्या त्या यामुळे होय," जाऊ म्हणाली. "तुम्ही धरून सांगितलेत, त्यांना वाटलं सोडून, त्यांनी आपली तीन पोरं वर मिळवली. ताई, ऐकताय ना? या घराण्यात गणित चालत नाही."

ताई ऐकत नव्हती. ती केकचं खोकं दोन्ही हातांत धरून फुटपाथवर उभी होती. दोघे भाऊ खोटं बोलत नव्हते. दोघांचंही मोजणं बरोबर होतं. माणसं तीच होती, एक जण आठ म्हणत होता, दुसरा अकरा. आणि दोन्ही आकड्यांवर 'माणसं' एवढंच लिहिलेलं होतं.

निळ्या प्रदेशात मेंढ्या मोजतात ते विण्याच्या हंगामाआधी. पद्धतीच्या पुस्तिकेतच तसं होतं. म्हणजे तिथं कोकरं पोटातच असतात, मोजणीत येत नाहीत. आणि तांबड्यात?

तांबड्यात कधी मोजतात?

तिला आठवेना. ते ठाऊक असायला हवं होतं. तांबड्याच्या पुस्तिकेत 'सर्व मेंढ्या' असे दोनच शब्द होते, आणि आजवर सगळ्यांना ते पुरले होते.

गाडीत दिराचा बारा वर्षांचा मुलगा शेवटी तिच्याच मांडीवर आला. त्याची हाडं तिला टोचत राहिली. आत्यांकडे सगळे हसले, जेवले, फोटो काढले. फोटोंत तीही होती, पण आत्यांनी जाताना तिचा हात धरून विचारलं, "काय गं, बरं नाही का? काहीतरी मोजत असल्यासारखी बघतेयस."

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत आली. पडद्यावर तांबडी रेघ उघडून बसली.

ती रेघ एकसारखी चढत नव्हती. मध्ये एका जागी ती पायरी चढल्यासारखी सरळ वर गेली होती. नऊ कोटी मेंढ्या एका वर्षात बारा कोटी झाल्या होत्या, आणि तिथून पुढे रेघ पुन्हा पहिल्यासारखी सावकाश वर जात होती. ही पायरी कुणापासून लपलेली नव्हती. तिला नाव होतं: विहिरीची पायरी. त्या वर्षी तिकडे पाऊस चांगला झाला होता, नव्या विहिरी खणल्या होत्या, चारा वाढला होता, म्हणून मेंढ्या वाढल्या. हे स्पष्टीकरण एका तरुण संशोधिकेनं फार सुरेख लेखात मांडलं होतं. तो लेख नव्या माणसाला विभागात आल्या आल्या वाचायला देत. ती संशोधिका म्हणजे आताच्या संचालक मॅडम. त्यांचं नाव झालं ते त्या पायरीवर.

तिनं कोरा कागद घेतला. शंभर मेंढ्या धरल्या. त्यांतल्या विणाऱ्या किती, वर्षाला त्यांना कोकरं किती, पहिल्या थंडीत मरतात किती, विकली जातात किती. चारा कितीही असो, मेंढी वर्षात चार वेळा विणार नाही. पुढच्या विण्याच्या हंगामापर्यंत शंभराच्या एकशे तेहतीस होणं तिला कुठल्याही बाजूनं जमेना. तिनं मृत्यू शून्य धरून पाहिले, तरी जमेना. मात्र विण्याच्या हंगामानंतर लगेच, कोकरं आईच्या पायांत असताना मोजलं, तर शंभरावर अठ्ठावीस-एकोणतीस कोकरं सहज भरत होती.

बारा कोटींतली अडीच कोटींच्या वर. आजच्या चौदा कोटींतून तेवढाच भाग वजा केला तर अकरा कोटीसुद्धा उरत नव्हत्या. फुली पडतच नव्हती.

रंगारी आला तेव्हा तिनं त्याला लोकरीची रेघ काढायला सांगितली. कोकराची लोकर कुणी कातरत नाही. मेंढ्या खरंच तिसऱ्या हिश्शानं वाढल्या असत्या, तर लोकरही वाढली असती. रंगाऱ्यानं रेघ काढली. ती सपाट होती.

"बघा," ती म्हणाली.

"बघतोय." रंगाऱ्यानं रेघ मोठी करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "पण ताई, तिकडे तेव्हाच मांसाच्या जाती आल्या ना? त्यांना लोकर कमी. मेंढ्या वाढल्या आणि लोकर तेवढीच राहिली, असंही असू शकतं."

असू शकत होतं. तिच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचा दुष्काळ उभा राहिला. तेव्हाही तिच्याकडे असाच एक सुबक हिशेब होता.

"तुम्ही मॅडमना सांगणार?"

"अजून नाही."

"ते बरं," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून खुर्ची ओढून बसला. "म्हणजे सांगणार. अरे देवा. ताई, मुखपृष्ठ परवा मशीनवर चढतंय हो."

"कळतंय मला."

"आणि त्यावर तुमची सही आहे."

"तेही कळतंय!" ती इतक्या जोरात बोलली की पलीकडच्या दोन टेबलांवरच्या माना वर झाल्या. ती कधी जोरात बोलत नसे. रंगाऱ्यानं हात जोडले आणि खुर्ची जागेवर नेली.

तांबड्या प्रदेशाच्या गणनाधिकाऱ्याला तिनं त्या दिवशी कितीदा फोन लावला ते तिचं तिला ठाऊक. घंटी वाजे आणि बंद होई. अंगठ्याचं नख ती शेजारच्या बोटावर घासत राहिली, इतकी की तिथं लाल झालं. घरी गेल्यावर पातेल्यात दूध ठेवून विसरली. नवऱ्यानं ओटा पुसता पुसता विचारलं, "काय झालंय?"

"मी सही केलेलं काहीतरी चुकलंय. बहुतेक."

"मग सांगून टाक."

"बहुतेक म्हटलं मी."

"अगं, पण बहुतेक बरोबर असशील तर..."

"गेल्या वर्षीही बहुतेक बरोबर होते!"

नवऱ्यानं फडकं पिळलं. "गेल्या वर्षी काय झालं? उशीर. या वर्षी न बोलता बसलीस तर काय होईल?"

तिनं पातेलं घासायला घेतलं. लशीशिवाय राहिलेल्या कळपांचे आकडे तिच्याकडे होते. ते तिनंच गोळा केले होते.

मंगळवारी फोन लागला. पलीकडचा आवाज मोकळाढाकळा होता आणि मागे वारा भणभणत होता.

"बोला ताई! एवढी काय आठवण काढलीत? पंचवीस वेळा फोन. मला वाटलं मेंढ्यांनी बंड केलं."

"तुम्ही मेंढ्या कधी मोजता?"

"कधी म्हणजे? लस टोचताना. मेंढरं काय हजेरी लावायला येतात होय? लस आली की सगळे कळप कुंपणात घेतो, अरुंद दारातून एकेक सोडतो. एक जण टोचतो, एक जण मोजतो."

"आणि लस कधी येते?"

"तुम्हीच पाठवता की! विण्याचा हंगाम संपला की येते."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोकरांनाही लस देता?"

"छे, एवढ्या लहानांना नाही देत."

"मग मोजता?"

"दारातून जे जातं ते मोजतो. कोकरू आईच्या मागं जाणारच. त्याला कोण अडवणार?"

"हे असं कधीपासून चालतं?"

"मी लागल्यापासून असंच."

"आणि तुम्ही कधी लागलात?"

त्यानं सांगितलं. ते वर्ष पायरीच्या बरंच पुढचं होतं.

"त्याआधी कसं मोजायचे? कुणाला विचारता येईल?"

"त्याआधीचे साहेब तर वारले. विचारतो मी इकडेतिकडे. पण ताई, एक सांगू? मोजतो ते मन लावून मोजतो आम्ही. एकही मेंढरू चुकत नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तेच तर कठीण होतं.

म्हणजे उत्तर अर्धं मिळालं होतं. आज कोकरं मोजली जातात, हे पक्कं. पण ती पायरीच्या वर्षापासून मोजली जाऊ लागली की कायमच मोजली जात होती? कायमच मोजत असतील तर पायरी खरी ठरत होती, पाऊस खरा ठरत होता, विहिरी खऱ्या ठरत होत्या. फुली तरीही चुकीची होती, कारण निळ्यात कोकरं धरत नाहीत. पण मॅडम विचारतील की पायरी कशानं आली, आणि तिला सांगता येणार नाही. मग त्या म्हणतील, अर्धं उत्तर म्हणजे शंकाच.

बुधवारी सकाळी छापखान्यातून मशीन चालू झाल्याचा निरोप आला. रंगाऱ्यानं तो तिला सांगितला आणि खाली बघत उभा राहिला. ती उठली. हिशेबाचा कागद बरोबर घेऊन जिना चढली.

मॅडमच्या खोलीत मुखपृष्ठाचा मोठा नमुना भिंतीला टेकवून ठेवला होता. तिनं बसायचंही टाळलं. उभ्याउभ्या सगळं सांगितलं: शंभर मेंढ्यांचा हिशेब, लोकर, फोन. मांसाच्या जातींचा मुद्दाही सांगितला, कारण तो वगळणं तिला जमलं नसतं.

मॅडमनी चष्मा काढला. "उत्तर आणलंस?"

"अर्धं."

"अर्धं." त्यांनी तिच्याकडे न बघता चष्म्याच्या काचा पुसल्या. "तुला कळतंय ना, तू काय म्हणतेयस? पायरी खोटी आहे."

"असू शकते, असं म्हणतेय."

"त्या पायरीवर मी चार वर्षं काम केलं. त्या विहिरी मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्यांचं पाणी प्यायलेय. आणि तू मला एका गणनाधिकाऱ्याच्या फोनवर सांगतेस..."

"विहिरी खोट्या नाहीत मॅडम. मेंढ्याही खोट्या नाहीत. त्या कधी मोजल्या एवढंच मला माहीत नाही. आधी कोकरं सोडून मोजत असतील आणि मग धरून मोजू लागले असतील, तर असं होईल. पण मोजण्याचा हंगाम मध्येच कशामुळे बदलेल, ते मला सापडत नाही. लस टोचताना मोजतात, म्हणजे लशीचा हंगाम बदलला तरच..."

ती थांबली, कारण मॅडमच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

मॅडमनी फडकं टेबलावर ठेवलं. तिला वाटलं, आता आपली पडताळणी गेली. काय बोललो आपण, कुठे शब्द चुकला, हे ती मनात मागे जाऊन शोधू लागली.

"बस," मॅडम म्हणाल्या.

ती बसली.

"मी इथे लागले तेव्हा लेख लिहीत नव्हते," मॅडम म्हणाल्या. "मी खाली लस रवाना करण्याच्या विभागात होते. तेव्हा तांबड्याला लस विण्याच्या आधी जायची. त्या अरुंद दारातून गाभण मेंढ्या रेटल्या जायच्या आणि गाभडायच्या. तिकडून सारख्या तक्रारी. मीच अर्ज केला, की लस हंगामानंतर पाठवा. माझा पहिला अर्ज तो. मान्य झाला तेव्हा मी विभागात सगळ्यांना चहा पाजला होता."

"कोणत्या वर्षी?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

मॅडमनी वर्ष सांगितलं.

दोघींनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. तांबडी रेघ त्याच वर्षी पायरी चढत होती.

"मग मी वर आले, संशोधनात," मॅडम सावकाश बोलत होत्या. "आणि दोन वर्षांनी माझ्यापुढे हा आकडा आला. मेंढ्या एकदम वाढलेल्या. मला केवढा आनंद झाला. मी पाऊस शोधला, विहिरी शोधल्या. सगळं शोधलं. आपणच खालच्या मजल्यावर काय करून आलो, ते तेवढं..."

तिला काहीतरी बोलायला हवं होतं. पण धीराचे शब्द तिला कधीच वेळेवर सुचत नसत. तिनं फक्त विचारलं, "छापखान्याला फोन करू?"

"करू काय, कर. अजून बसलीयस कशाला?" आणि ती दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, "शुक्रवारी समितीपुढे तू बोलायचंस. मी बोलले तर मी स्वतःला वाचवतेय की बुडवतेय, हेच ते बघत बसतील."

शुक्रवारी समितीच्या लांब टेबलापाशी ती उभी राहिली. मागच्या पडद्यावर रंगाऱ्याचा नवा तक्ता होता. तांबडी रेघ पायरीच्या जागी तोडलेली होती आणि तिथून पुढचा भाग फिकट ठिपक्यांनी काढला होता. अध्यक्ष वयस्कर होते, आवाज मऊ होता, आणि तिला मऊ आवाजाची जास्त भीती वाटे.

"म्हणजे बाई, आज मेंढ्या कुठे जास्त? निळ्यात की तांबड्यात?"

"दोन्हीकडे एकाच हंगामात मोजलं तर निळ्यात. बहुतेक."

"बहुतेक?"

"तांबड्यात दोन्ही हंगामांत एकदा मोजून पाहिलं की पक्कं सांगता येईल."

एक सभासद हसला. "गेल्या वर्षी दुष्काळावर शंका घेणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"हो. मीच." ती त्याच्याकडे वळली. "त्या वेळी मी चुकले होते."

"आणि निळ्याचं काय?" अध्यक्षांनी विचारलं. "तिथं कोकरं मोजत नाहीत, हे तुम्ही तिकडच्या माणसांना विचारलंत?"

निळ्याच्या पुस्तिकेत विण्याआधी मोजतात असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते तिनं शंभरदा वाचलं होतं. पण विचारलं नव्हतं. तांबड्याला पंचवीस फोन केले होते, निळ्याला एकही नाही.

मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"लेखी तसं आहे," ती म्हणाली. "मी विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. सभासद आपापसांत कुजबुजले. तिला उभं राहावं की बसावं ते कळेना, म्हणून ती उभीच राहिली. शेवटी ठरलं ते असं: या वर्षी लशीचे वाटे आहेत तसेच राहतील, आणि पुढच्या वाटपाआधी दोन्ही प्रदेशांत विण्याआधी आणि विण्यानंतर अशा दोन मोजण्या होतील. मोजण्या होताना हजर राहायला कुणीतरी जावं लागेल. "या बाईच जाऊ देत," अध्यक्ष म्हणाले, आणि ही शिक्षा आहे की बढती, हे त्यांच्या मऊ आवाजावरून कुणालाच कळलं नाही.

बाहेर आल्यावर मॅडम जिन्याच्या वरच्या पायरीवर तिच्यासाठी थांबल्या होत्या. दोघी काही वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली रंगारी कुणाला तरी हातवारे करून सगळी हकिकत सांगत होता.

"एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्या कधी वापरत नसत. "कोकरं काढून टाकली, तर त्या वर्षी खरी वाढ काही होती का? पावसाची? का सगळंच..."

हिशेब तिनं बुधवारीच केला होता. पण कोकरांचं प्रमाण अंदाजानं धरलेलं होतं, आणि अंदाजाचा आकडा तिनं आजवर कुणाला तोंडी दिला नव्हता. मॅडम मात्र संचालकांसारख्या दिसत नव्हत्या. दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसासारख्या दिसत होत्या.

"होती," ती म्हणाली. "थोडी होती."

"किती?"

"शंभरात चार."

"मी तेहतीस लिहिले होते."

"हो."

"चार." मॅडमनी तो आकडा पुन्हा एकदा ओठांत घोळवला आणि मान हलवली. "म्हणजे पाऊस पडला होता."

"पडला होता मॅडम."

त्या सावकाश आपल्या खोलीकडे निघून गेल्या. ती जिना उतरू लागली. पहिला मजला येईपर्यंत तिला वाटू लागलं होतं, की चार जरा जास्तच सांगितले. कोकरांचं प्रमाण अठ्ठावीसऐवजी एकोणतीस धरलं असतं, तर तीनच्या वर थोडेसेच येत होते. मागे जाऊन सांगावं का, म्हणून ती वळली, दोन पायऱ्या चढली, आणि तिथंच उभी राहिली.